उसनं विरजण

एकशे सतराव्या दिवशी सकाळी दही लागलं नव्हतं.

झाकण काढून मी भांडं तिरकं केलं. आदल्या संध्याकाळी उबेत ठेवलेलं दूध जसंच्या तसं डुचमळलं. चमचा बुडवून वर धरला, तर थेंब सुटून पडला. आंबूस वास नाही, कड धरलेली नाही. नुसतं दूध, आणि तेही थकल्यासारखं.

मागून ऑल्विनकाकांचा आवाज आला, "काय गं केतकी, बाळू उठला का?"

"झोपलाय अजून," मी म्हणाले. "थंडी आहे ना."

खोटं तिथून सुरू झालं. तेव्हा ते इतकं लहान होतं की बोटाच्या पेरावर मावलं असतं.

आम्ही तिघं मंगळावर होतो. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावर, खाडीपासून चार किलोमीटर आत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. नजर जाईल तिथवर लाल, भोकाभोकांचा खडक आणि फटीफटीत वाळकं गवत. आतलं लोखंड गंजून हा दगड लाल होतो, मंगळाची मातीही गंजानेच लाल. म्हणून मंगळघर तिथे बांधलं. तीन पांढरे घुमट, मधे बोळ, एक हवाबंद दार. ऑक्टोबरात आत जायचं, दोनशे चाळीस दिवस काढायचे आणि पाऊस लागायच्या आत बाहेर यायचं. आतली हवा आतच फिरायची. घामाचं नि लघवीचं पाणी गाळून परत प्यायचं. बाहेरच्यांशी बोलायचं तर आपला शब्द पोचायला चौदा मिनिटं, त्यांचा परत यायला चौदा. दाराबाहेर पडायचं तर बावीस किलोचा पोशाख चढवून. नियमावलीत एक ओळ होती, तिच्यावर पहिल्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो होतो: बाहेर माणूस अथवा जनावर दिसल्यास त्यास दगड समजावे.

ऑल्विन घोन्साल्विस आमचे कप्तान. वसईचे, वय सत्तावन्न, उमर सगळी पाणबुडीत गेलेली. डॉक्टर तबस्सुम मुकादम खाडीपलीकडच्या गावची. "माझं माहेर इथून दिसतं, आणि मी मंगळावर," असं म्हणून ती स्वतःच हसायची. आणि मी केतकी मगदूम, शिरोळची, दुग्धशास्त्र शिकलेली. कामाच्या यादीत माझ्या नावापुढे एकच शब्द होता: विरजण.

हसू नका. बंद घरात माणसाचं पोट ओस पडत जातं. आपल्या आतड्यांत जिवाणूंची केवढी तरी वस्ती असते. ती अन्न फोडते, जीवनसत्त्वं करते, मनाला उभारीसुद्धा देते. ती वस्ती आपण रोज नकळत भरत असतो, मातीतून, भाजीतून, कुणाच्या हातच्या घासातून. निर्जंतुक पाकिटं खाऊन बंद घुमटात राहिलं की नवा गावकरी येत नाही आणि जुने एकेक करून जातात. आमच्या आधीच्या दोन तुकड्या शंभराव्या दिवसाच्या आसपास ताटावरून उठायला लागल्या होत्या. तोंडात फोड आले, झोप गेली, एक जण तर तासन् तास भिंतीकडे बघत बसायचा. म्हणून शास्त्रज्ञांनी अकरा जातींच्या जिवाणूंचं एक विरजण जुळवलं. भुकटीच्या दुधाला ते रोज लावायचं, तिघांनी वाटीवाटी खायचं, चमचाभर उद्यासाठी राखायचं. हे विरजण टिकलं तर माणूस मंगळावर टिकेल. कागदोपत्री त्याचं नाव व-अकरा. काकांनी त्याला बाळू म्हटलं आणि तेच चिकटलं. शौचालयातलं यंत्र आमच्या पोटातल्या जाती रोज मोजायचं आणि तबस्सुम न्याहारीला आकडा मोठ्याने वाचायची, "आज गावात तीनशे बारा घरं. चूल पेटती आहे, मंडळी."

बाळू मोडला तर नियम साधा होता. कळवायचं. प्रयोग तिथे थांबणार, तिघं घरी जाणार.

राखीव दोन कुप्या गोठवलेल्या होत्या. त्या दिवशी दोन्ही लावून बघितल्या. दोन्ही गेल्या. मला वाटलं, माझाच हात चुकला, कुप्या वितळवतानाही. आदल्या दिवशी दूध गरम राहिलं असणार. तापमानाच्या यंत्राचा हिरवा दिवा बघून मी विरजण घातलं, करंगळी बुडवून बघितली नव्हती. माझी आई शिरोळला दूध संकलन केंद्र चालवते. आमच्याकडे बाईची पारख रांगोळीवरून करत नाहीत, दह्यावरून करतात. "तिच्या हाताला दही लागत नाही," असं एकीबद्दल म्हटलं की संपलं, मग तिने पुरणपोळ्यांच्या जेवणावळी घातल्या तरी. आणि मी, आईची लेक, सरकारी खर्चाने मंगळावर दही लावायला आले होते आणि दूध करंगळीने बघायचं विसरले होते.

हे चौदा मिनिटांच्या वाटेने कळवायला माझी जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडांचे नमुने आणायची माझी पाळी होती. मंगळघराच्या हद्दीला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा होता, कमरेएवढा. गडग्याच्या कोपऱ्याआड कॅमेरा पोचत नव्हता. तिथे रोज म्हशी यायच्या आणि म्हशींमागे एक बाई. सड्याच्या टोकाला गवळी-धनगरांची आठ घरांची वाडी आहे, तिथली. दोन महिने आम्ही तिला काचेतून बघत होतो. "दगड चालायला निघाले," काका म्हणायचे.

मी गडग्याआड गेले आणि हेल्मेटची काच वर केली. काच उघडली की आतला माईक बंद व्हायचा.

बाई दचकली नाही. साठीची असेल. काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, "आत बाईमानूस हाय व्हय? मला वाटलं यंत्र हाय. दगुड उचलतंय नि डब्यात घालतंय, उचलतंय नि घालतंय."

"मावशी, विरजण मिळेल का थोडं?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग घुमटांकडे. "एवढ्या मोठ्या घरात विरजान न्हाई?"

"मोडलं."

"मग मोडलं तर मोडलं. देवाघरचं हाय का ते?" तिने फडक्यातली भाकरी बाजूला केली, खालचा डबा काढला. "जेवनाचं आनलंय. पर लागंल चांगलं, म्हशीचं हाय. दिवं लागल्यावर मागितलं असतंस तर दिलं नसतं, हां. आन हिकडं तुजी नळी."

मी नमुन्याची नळी पुढे केली. ती बोटाने दही आत सारत होती आणि आपल्याशीच गुणगुणत होती, जशा आमच्याकडच्या बायका घुसळखांबाशी गुणगुणतात:

शेजी आली दारा, वाटी तिची गं रिकामी
बोटभर दिल्यानं, माझी दुभती का गं कमी

"पोरी, डोळ्याला पानी आलं तुज्या."

"वारा लागला," मी म्हणाले. खरंच होतं. चार महिन्यांनी वारा लागला होता. "मावशी, नाव काय तुमचं?"

"ठकूबाई. झोऱ्यांची."

"ठकूमावशी, कुणाला सांगू नका."

"मी कुनाला सांगनार? ह्या म्हशींना?"

काच खाली ओढली तसा कानात काकांचा आवाज आला. "केतकी, दोन मिनिटं दिसली नाहीस. काय मिळालं?"

"दगड," मी म्हणाले.

नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. ठकूबाईने मला हात दिला आणि मी तिला दगड म्हणाले. तेव्हा एवढंही मनात आलं नाही. नळी छातीशी धरून मी हवाबंद दाराकडे पळत होते, पोशाखात पळता येत नाही तरी.

त्याच संध्याकाळी ते भुकटीच्या दुधाला लावलं. करंगळी तीनदा बुडवली. सकाळी भांडं उलटं केलं तरी दही हललं नाही.

"बाळूला मिशा फुटल्या की," काका पहिल्या घासाला म्हणाले. तबस्सुमने बोट चाटलं. त्या आठवड्यात आकडा दोनशे ऐंशीवर उतरला होता, तो चढायला लागला. तीनशे पाच. तीनशे एकवीस. तीनशे बेचाळीस. ती रोज वाचायची आणि मी टाळ्या वाजवायचे. सगळ्यांच्या आधी.

मग एकशे त्रेसष्टाव्या दिवशी दही पुन्हा पातळ झालं आणि मी पुन्हा गडग्याआड गेले. दोनशे एकाव्या दिवशी तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ठकूबाईने काही विचारलंच नाही. डबा आधीच उघडून बसली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दार उघडलं. हार, ढोल, कॅमेरे. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर कारखानीस जातीने आले होते. मी बाळूची वाटी त्यांच्या हातात दिली. महिन्याभराने प्रयोगशाळेचा निकाल आला. वाटीत मूळच्या अकरा जातींपैकी दोनच उरल्या होत्या आणि नऊ नव्याच सापडल्या होत्या.

मला वाटलं, संपलं. घरी बसून मी फोनची वाट बघितली.

फोन आला तो अभिनंदनाचा. कारखानीस सरांनी त्याचा अर्थ लावला होता. बंद घरात विरजणाने माणसांच्या अंगाखांद्यावरचे जिवाणू आपल्यात घेतले आणि स्वतःची डागडुजी केली. 'स्वतः सावरणारं विरजण' हा शब्द दोन दिवसांत वर्तमानपत्रांत आला. फेब्रुवारीत खरं यान निघणार होतं, पाच माणसं, अडीच वर्षांची फेरी. विरजण आपलं आपण सावरतं म्हटल्यावर राखीव साठ्याची पेटी यानातून काढली आणि तिथे पाण्याची जादा गाळणी बसवली. पाचांमधली डॉक्टर म्हणून तबस्सुमची निवड झाली.

तिने मला त्याच दिवशी फोन केला. "केतकी, बाळूच्या भरवशावर चाललेय गं. तुझ्या हातावर."

"माझ्या कसल्या," एवढंच मी म्हणाले. तिला वाटलं विनय आहे.

शिरोळला आईच्या केंद्राशेजारी छोटी तपासणीची खोली आहे. एकशे सतराव्या दिवसाचं ते मेलेलं दूध मी एका कुपीत गोठवून बाहेर आणलं होतं. का आणलं, सांगता येणार नाही. खुनी माणूस काही तरी जवळ ठेवतो म्हणतात, तसं असेल. सप्टेंबरात एकदा आई कामगाराला सांगताना ऐकलं, "ह्या आठवड्याचं विरजण बदल रे. एकच एक चालवलं की त्याला कीड लागते." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. परीक्षेत त्यावर दहा गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. त्या दिवशी मात्र ते ऐकून मी उठून आत गेले.

ही कीड म्हणजे जिवाणू खाणारा विषाणू. तो एकाच जातीवर जगतो. रोज तेच विरजण, तेच भांडं, तीच हवा असली की त्याचं फावतं. हळूहळू वाढतो आणि एका सकाळी दही लावणारी जातच खाऊन बसतो. तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या ताटलीत जिवाणूंचा पातळ थर वाढवायचा, त्यावर संशयित दुधाचा गाळलेला थेंब सोडायचा आणि थांबायचं. मी बाळूच्या मूळच्या जाती मागवल्या, थर वाढवला. दुसऱ्या दिवशी ताटली उजेडात धरली. थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं पडली होती. कसरीने खाल्लेल्या शालीसारखी.

म्हणजे दूध गरम नव्हतं. माझी करंगळी चुकली नव्हती. जी चूक मी केलीच नाही, ती झाकायला मी तीनदा चोरून गेले होते. आणि बाळू कुणाच्या अंगावरचं घेऊन सावरला नव्हता. त्याला दर वेळी शेजारणीने नवी माणसं दिली होती, किडीच्या ओळखीची नसलेली. यानात शेजारीण नव्हती. राखीव पेटीही नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती.

सांगितलं तर काय होणार, तेही मला स्वच्छ दिसत होतं. फेब्रुवारीची वेळ टळणार. मंगळाची वाट सव्वीस महिन्यांतून एकदा जवळ येते. वयाची अट चव्वेचाळीसची आणि तबस्सुम त्रेचाळीसची. न सांगितलं तर ती जाईल, आणि कुठल्या तरी सकाळी आकडे उतरताना वाचत बसेल. मोठ्याने, सगळ्यांना धीर यावा म्हणून.

अकरा दिवस मी गप्प होते. हेही सांगायलाच हवं. अकरा.

बाराव्या दिवशी तिच्या प्रशिक्षण केंद्रात गेले. खानावळीत ती थालीपीठ खात होती. मला बघून सरकली, ताट मधे ओढलं.

"घे. तू माझ्याकडे बघत का नाहीयेस? कोण मेलं?"

"बाळू."

"कधी?"

"एकशे सतराव्या दिवशी."

तिने घास खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, गडगा, नळी, ताटलीतली भोकं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पेला आपटत हसत होतं.

"मी रोज आकडा वाचायचे," ती शेवटी म्हणाली. "आणि तू टाळ्या वाजवायचीस."

"हो."

"सरांना सांगितलंस?"

"आधी तुला."

"मला का आधी? मी गप्प बस म्हणेन म्हणून?"

मी नाही म्हणणार होते. पण ते खोटं झालं असतं. सबंध बसप्रवासात, शिरोळपासून, मी हीच आशा बाळगून आले होते.

"म्हणावंसं वाटतंय," तबस्सुम म्हणाली. "खरंच वाटतंय, केतकी. माझ्या अम्मीने गावभर जिलेबी वाटलीय. म्हणून तू आत्ता ऊठ. कारखानीस सहापर्यंत बसतात. माझं तोंड उघडायच्या आत जा."

मी गेले. सरांनी चष्मा काढून फक्त विचारलं, "किती वेळा?" मी म्हटलं तीनदा. त्यांनी ते लिहून घेतलं आणि आकड्याभोवती गोल केला.

दोनशे चाळीस दिवस रद्द झाले. यानाची तारीख टळली. काकांचा फोन आला. आधी ते हसले. "म्हणजे तू आम्हाला मंगळावर झोऱ्यांच्या घरचं जेवू घातलंस. चांगलं होतं गं." मग हसू थांबलं. "माझी शेवटची फेरी होती ती, पोरी." आणि त्यांनी फोन ठेवला. परत केला नाही.

नवं यान सव्वीस महिन्यांनी जाणार होतं. त्यात एकच विरजण नसेल असं ठरलं. निरनिराळ्या मुलखांतल्या, निरनिराळ्या घरांतली नऊ विरजणं, नऊ बंद कप्प्यांत, एकाला कीड लागली की दुसऱ्याकडून उसनं घ्यायचं. घरं शोधायचं काम तबस्सुमने मागून घेतलं. जागा गेली होती, पण जाणाऱ्यांच्या पोटाची काळजी तिने सोडली नाही. पहिलं घर दाखवायला तिने मला बोलावलं. दोन ओळींचं पत्र, खाली सही, आणखी काही नाही. वाटेत ती माझ्याशी रस्त्यापुरतं बोलली.

ठकूबाई अंगणात गवताच्या पेंढ्या रचत होती. पोशाखाविना तिने मला ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं.

"आलीस व्हय? मला वाटलं पोचलीस मंगळावर."

मी तिच्यापुढे बसले. संमतीचा कागद हातात होता. म्हटलं, मावशी, आधी एक सांगायचंय. तुमचं विरजण मी चोरून नेलं, सगळ्यांना फसवलं.

"चोरून कुठं? तू मागितलंस, मी दिलं."

"तुमचं नाव लपवलं. आठ महिने. सगळीकडे कौतुक झालं, पेपरात आलं, पण तुमचं नाव कुठेच घेतलं नाही."

ठकूबाईने हातातली पेंढी खाली ठेवली. "का?"

मी नियम सांगायला लागले, बंद घर, प्रयोग. ती ऐकत होती, पण तिला त्यातलं काही नको होतं.

"माज्या हातच्या दह्याची लाज वाटली व्हय तुला?"

माझ्या हाताला दही लागलं नाही, ही एकच लाज मी इतके दिवस ओळखत होते. ही दुसरी तिच्याखाली दडून बसली होती. मोठ्या यंत्रांच्या घरातून उठून म्हशीमागच्या बाईपुढे नळी धरली, ही. तबस्सुम शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती.

"हो," मी म्हणाले.

ठकूबाईने पदर खोचला. आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात दह्याचं गाडगं होतं. माझे हात आपसूक पुढे झाले. ती मला वळसा घालून गेली आणि गाडगं तिने तबस्सुमच्या हातात दिलं.

तबस्सुमने बरणी भरली, झाकण लावलं, चिठ्ठी काढली. "मावशी, पूर्ण नाव सांगाल?"

"ठकूबाई धोंडू झोरे. लिव्ह. धनगरवाडी. सडा."

तबस्सुमने लिहिलं.

"बरोबर लिवलंस का कसं कळावं? मला वाचता येत न्हाई," ठकूबाई म्हणाली, आणि हात माझ्याकडे केला. "हिला वाचाया सांग."

तबस्सुमने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मी वाचलं. तबस्सुमला ऐकू जाईल एवढंच.

"ऐकू आलं न्हाई," ठकूबाई म्हणाली. शेजारच्या घरांतल्या दोघी-तिघी बायका कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "त्यांनाबी ऐकू जाऊ दे."

मी उठून उभी राहिले आणि पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने वाचलं.